म्हाताऱ्याचा श्वास

ट्रॅक्टर पुन्हा बंद पडला. या वेळी अंगणाच्या अगदी मधोमध. आधी आवाज जड झाला, मग धुराड्यातून दोनचार पांढरे भपकारे आले आणि इंजिन गप्प झालं. धाकटा सीटवरच बसून राहिला, हात स्टिअरिंगवर, नजर फाटकाकडे.

"काल एवढाही आला नव्हता," वहिनी पायरीवरून म्हणाली. "आज निदान शेडबाहेर तरी पडला."

"असंच रोज दहा पावलं चालला तर माझ्या घरी पोचेपर्यंत मला म्हातारपण येईल," धाकटा म्हणाला आणि खाली उतरला.

घरात या ट्रॅक्टरला सगळे म्हातारा म्हणत. आप्पांनी, म्हणजे वडिलांनी, तो घेतला तेव्हाच तो दुसऱ्या कुणाकडे अर्धं आयुष्य काढून आला होता. आप्पा होते तोवर म्हातारा दर हंगामाला शेतात उतरला. आप्पा अंथरुणाला खिळले तसा तो शेडमध्ये गेला आणि ते गेल्यावर कुणी त्याला हात लावला नाही. थोरल्या भावाने नवा ट्रॅक्टर घेतला. धाकट्याचं आणि त्याचं खालच्या रानात झाडं लावायची की नाही यावरून बिनसलं, आणि धाकटा बायकोला घेऊन तिच्या माहेराकडच्या डोंगराळ भागात राहायला गेला. भांडण मोठं झालं नव्हतं. कुणी कुणाला शिवी दिली नव्हती. नुसतं बोलायला काही उरलं नाही, आणि मग सणासुदीचा फोनही आईच्याच कानाशी जाऊन थांबू लागला.

आता इतक्या दिवसांनी तो आला होता, तो म्हाताऱ्याला न्यायला. त्याच्या उताराच्या रानात मोठा ट्रॅक्टर वळत नव्हता. पहिल्याच दिवशी थोरला जेवणाच्या ताटावरून मान वर न करता म्हणाला होता, "चालू झाला तर खुशाल ने. इथं तो उंदरांच्याच कामाचा आहे." त्यावर धाकट्याने पिशवीतले पान्हे काढले होते. लहानपणी तो पान्हा उशाशी घेऊन झोपायचा म्हणून आप्पा त्याला पान्ह्या म्हणत. ते नाव आता घरात फक्त आई घ्यायची.

तेव्हापासून त्याने काय नाही केलं. नवी बॅटरी लावली. डिझेलची टाकी धुतली. दोन्ही फिल्टर बदलले, नळी काढून फुंकून बघितली, पंपाची छोटी दांडी हलवून हलवून पाइपातली हवा काढली. म्हातारा दर वेळी शहाण्यासारखा सुरू व्हायचा, चहाचा कप संपेपर्यंत चालायचा, आणि कप खाली ठेवला की बंद. हवा काढली की पुन्हा सुरू. पुन्हा बंद.

"डिझेल मिळत नाही त्याला," धाकटा फिल्टरपाशी वाकून म्हणाला. "टाकी भरलेली आहे, पाइप मोकळा आहे, तरी मिळत नाही. वहिनी, जरा टोपण काढून बघा हो, किती उरलंय ते."

वहिनीने हात पदराला पुसले आणि पुढच्या चाकावर पाय देऊन वर चढली. पाय कुठे ठेवायचा हे तिला बघावं लागलं नाही. टोपण घट्ट बसलं होतं. तिने तळवा दाबून ते फिरवलं, आणि ते सुटता सुटता आतून एक बारीक आवाज आला. सुस्स. कुणी दम रोखून धरलेला असावा आणि नाकावरचा हात काढताच त्याने हवा ओढून घ्यावी, तसा.

खाली धाकटा पान्हा आपटत होता. त्याला ऐकू गेलं नाही.

"किती आहे?"

"पुष्कळ आहे," वहिनी म्हणाली.

तिने टोपण उलटं केलं. मग सुलटं केलं. वरच्या बाजूला मधोमध एक टाचणीएवढं भोक असतं, हे तिला ठाऊक होतं. टाकीतलं डिझेल जसं खाली उतरतं तशी त्या भोकातून हवा आत यायला लागते. हवा आली नाही तर डिझेल अडतं आणि इंजिन गुदमरतं. टोपण काढलं की टाकीला हवा मिळते, पुन्हा सगळं सुरळीत. हे आप्पांनीच तिला शिकवलं होतं. लग्न होऊन आली तेव्हा थोरला लांब शहरातल्या कारखान्यात कामाला होता, धाकटा शाळेत, आणि आप्पांची कंबर धरलेली. एका सकाळी ते म्हणाले होते, "सूनबाई, तुझे पाय क्लचपर्यंत पोचतात का बघू." पोचले. त्यानंतर थोरला कारखाना सोडून घरी येईपर्यंत घरची सगळी नांगरट तिने केली होती. तो आला आणि सीटवर बसला. कुणी तिला ऊठ म्हटलं नाही. ती आपणच उतरली, कारण तोवर धाकट्याच्या शाळेचे डबे, आप्पांची औषधं, सगळं तिच्याच वाट्याला आलं होतं.

टोपणावरचं भोक पिवळट मेणाने गच्च भरलेलं होतं. नुसतं भरलेलं नव्हतं, वरून बोटाने नीट सारखंही केलेलं होतं.

तिने टोपण जागेवर लावलं आणि खाली उतरली.

"हवाच काढून बघा आणखी एकदा," ती म्हणाली आणि घरात गेली.

*

आई ओसरीवर शेंगा सोलत बसली होती. तिला डाव्या कानाने ऐकू येत नव्हतं, उजव्याने जेवढं हवं तेवढं येत होतं, असं थोरला चेष्टेने म्हणायचा. ट्रॅक्टरचा आवाज तिला ऐकू यायच्या आधी पायाखालच्या फरशीतून कळायचा. फरशी थरथरायला लागली की ती शेंगा सोडून अंगणाकडे बघायची. थांबली की ती शेंगांकडे वळायची.

धाकटा येऊन तिच्या पायाशी बसला. कोपरापर्यंत काळा.

"जमेल रे," ती म्हणाली. "घाई कसली आहे?"

"घाई आहे आई. तिकडं रान तयार आहे."

"रान कुठं पळून जातंय?"

"रान नाही, ओल पळते." त्याने एक शेंग उचलून तोंडात टाकली. "तुला काय, हा महिनाभर बंद राहिला तरी चालेल."

तो हसत म्हणाला होता, पण आईने हात थांबवले. लेकराने आपल्या मनातल्या गोष्टीवर नेमकं बोट ठेवावं तसं झालं तिला. गेल्या काही दिवसांत तिचं त्याच्या आवडीचं सगळं करून झालं होतं. सकाळी तो उठायच्या आत ती त्याचे बूट उन्हात ठेवायची. काल दोघे भाऊ शेडमध्ये एकाच नटाला दोन पान्हे लावून उभे होते, एक म्हणत होता उजवीकडे, दुसरा म्हणत होता डावीकडे, आणि ती कुंपणाच्या कडेला काही कारण नसताना उभी राहून ते ऐकत होती. आप्पा गेल्यावर घरात एवढा आवाज पहिल्यांदाच झाला होता.

"चालेल की," ती अखेर म्हणाली. "खोटं कशाला बोलू? मला चालेल."

धाकट्याने टरफलं गोळा करून सुपात टाकली आणि पुन्हा अंगणात गेला.

*

वहिनी डबा घेऊन शेतावर पोचली तेव्हा थोरल्याचं अर्धं रान नांगरून झालं होतं. त्याने नवा ट्रॅक्टर बांधाला लावला, तोंडावर पाणी मारलं आणि झाडाखाली बसला.

"झाला का चालू?" त्याने डबा उघडता उघडता विचारलं.

"टोपणाच्या भोकात मेण कुणी भरलं?"

थोरल्याचा हात घासावर थांबला. क्षणभरच. मग त्याने घास घेतला, चावला, गिळला.

"आप्पांनी सांगितलं होतं," तो म्हणाला. "शेवटच्या पावसाळ्यात. शेडचा पत्रा गळत होता. पलंगावरून म्हणाले, म्हाताऱ्याच्या टोपणातून पाणी जाईल, भोक बुजव. मीच मेणबत्ती वितळवून भरलं. नीट बसलं का म्हणून टोपण काढून त्यांना दाखवायला घरात आणलं होतं. त्यांनी अंगठा फिरवून बघितला."

"म्हणजे तुम्हाला पहिल्या दिवसापासून माहीत होतं."

"होतं."

"आणि तुम्ही तोंडात मिठाची गुळणी धरून बसलात. तो पोरगा टाकी धुतोय, नळ्या फुंकतोय. काल डिझेल गेलं त्याच्या तोंडात."

"पहिल्या दिवशी राग होता," थोरला म्हणाला. "इतक्या दिवसांनी आला, उंबऱ्यात पाय ठेवायच्या आधी शेडकडे बघितलं त्याने. म्हटलं, एवढा कारागीर आहे तर शोधू दे. नाक दाबलं की तोंड उघडेल, माझ्याकडं येईल, विचारेल, दादा, तुला काही माहीत आहे का."

"मग विचारलं नाही भावजींनी?"

"नाही. पण दुसऱ्या दिवशी त्याने हाक मारली, जरा हे धर म्हणून. मी धरलं." त्याने भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात ठेवला. "तिसऱ्या दिवशी पण मारली. मग मला सांगावंसं वाटेना. सांगितलं की तो निघणार. निघाला की संपलं. या ट्रॅक्टरशिवाय इथं यायला त्याला दुसरं काय कारण उरलंय, सांग मला."

वहिनी रानाकडे बघत राहिली. तिला नवऱ्यावर चिडायचं होतं, आणि ती चिडलीही होती. पण सकाळी टोपण लावून तीही गप्पच खाली उतरली होती. आवाज ऐकला तेव्हा तिला काय वाटलं, हे तिला पक्कं आठवत होतं. वाटलं होतं, आणखी एक दिवस. आणखी एक दिवस हाताला डिझेलचा वास, आणखी एक दिवस कुणीतरी 'वहिनी, हे बघा, वहिनी, ते धरा' म्हणणार.

"मीही नाही सांगितलं त्यांना," ती म्हणाली.

थोरल्याने मान वर केली.

"पण मी संध्याकाळपर्यंतच गप्प बसणार. पुढं तुम्ही सांगायचं. माझ्या तोंडून कळलं तर त्यांना ते चोरी धरल्यासारखं वाटेल. तुमच्या तोंडून कळलं तर..." तिने रिकामा डबा गोळा केला.

*

संध्याकाळी सगळे जेवायला बसले असताना धाकट्याच्या बायकोचा फोन आला. आईलाही बोलता यावं म्हणून त्याने आवाज मोठा केला आणि फोन मधे ठेवला.

"वाफसा चाललाय, रानातली ओल सुकतेय," पलीकडून ती म्हणाली. दमलेली वाटत होती. "खालच्या पट्ट्यात ढेकळं धरायला लागली. शेजारच्यांचा ट्रॅक्टर आठवडाभर मिळत नाही. मी आज कुदळीने कडा खणून घेतल्या, पण माझ्याने किती होणार? तुम्ही ट्रॅक्टर आणा नाहीतर तसेच या. बैल तरी बघू कुणाचे."

"उद्या निघतो," धाकटा म्हणाला.

"झाला का दुरुस्त?"

"नाही. तसाच येतो."

फोन बंद झाला. कुणी जेवेना.

"मी हरलो बुवा," धाकटा ताटाकडे बघत म्हणाला. "दादा, तू म्हणालास ते खरं. उंदरांच्याच कामाचा आहे. सकाळच्या बसने जातो."

वहिनीने नवऱ्याकडे बघितलं नाही. ती पाण्याचा तांब्या भरायला उठली आणि गरज नसताना पूर्ण भरून घेतला.

आई मात्र सगळ्यांना चकित करून बोलली. "ती पोर एकटी कुदळ मारतेय," ती म्हणाली, "आणि मी इथं रोज देवाला सांगतेय, आजही चालू नको होऊ दे म्हणून." तिने ताट सरकवलं. "जा बाबा तू. बसने जा, चालत जा. माझं ऐकू नकोस."

थोरला उठला. हात न धुताच बाहेर गेला. थोड्या वेळाने अंगणातून त्याची हाक आली. "पान्ह्या, इकडं ये."

धाकटा दारात थबकला. आप्पा गेल्यानंतर दादाने त्याला त्या नावाने कधीच हाक मारली नव्हती.

बाहेर अजून उजेड होता. थोरल्याच्या एका हातात टाकीचं टोपण होतं, दुसऱ्या हातात आईच्या शिवणाच्या डब्यातली सुई. तो मेण कोरत होता. पिवळे बारीक कण त्याच्या तळव्यावर पडत होते.

"मेण आहे," तो म्हणाला. "मी भरलेलं. आप्पांच्या सांगण्यावरून, पाणी जाऊ नये म्हणून. हवा आत जात नव्हती, म्हणून बंद पडत होता."

धाकट्याने टोपण हातात घेतलं, आभाळाकडे धरलं. भोकातून उजेडाचा ठिपका दिसला. एवढंसं भोक. त्याला आधी स्वतःचीच लाज वाटली, आपल्याला कसं सुचलं नाही म्हणून. मग त्याच्या लक्षात आलं.

"तुला कधीपासून माहीत होतं?"

"तू आलास तेव्हापासून."

"मी टाकी धूत होतो तेव्हा तू बाजूला उभा होतास."

"होतो."

"पाणी ओतत होतास माझ्या हातावर."

"हो."

धाकट्याने टोपण सीटवर ठेवलं. त्याचे कान लाल झाले होते. लहानपणी असे लाल झाले की पुढे तो दगड उचलायचा, थोरल्याला ते आठवत होतं. पण तो चाकावर टेकून उभा राहिला.

"माझी बायको तिकडं कुदळ मारतेय, दादा."

"ते मला आत्ता कळलं. आधी कळलं असतं तर..." थोरल्याने वाक्य सोडून दिलं. "नाही. आधी कळलं असतं तरी एखादा दिवस मी थांबलो असतो. खरं तेच सांगतो."

"का पण? ट्रॅक्टर द्यायचा नव्हता तर नाही म्हणायचंस. मी काय भांडलो असतो?"

"ट्रॅक्टरचं कुणाला पडलंय."

ओसरीवर आई आणि वहिनी उभ्या होत्या. आईला काही ऐकू येत नव्हतं आणि वहिनीला सगळं येत होतं.

"मग थांब म्हणायचंस," धाकटा म्हणाला. त्याचा आवाज उतरला होता. "सरळ म्हणायचं, पान्ह्या, थांब चार दिवस."

"थांबला असतास?"

धाकट्याने विचार केला. "नसतो थांबलो."

"मग?"

"मग काही नाही. पण तू म्हणाला असतास."

थोरल्याने मान हलवली. तळव्यावरचे मेणाचे कण त्याने फुंकून टाकले नाहीत. मूठ मिटली आणि तसाच उभा राहिला. धाकटा टोपण घेऊन वर चढला, टाकीवर बसवलं आणि म्हणाला, "वहिनींना विचार, डिझेल किती आहे. प्रवासाला पुरेल का."

"पुरेल," वहिनी ओसरीवरून म्हणाली. "पुष्कळ आहे म्हणून सकाळीच सांगितलं की."

धाकट्याने तिच्याकडे बघितलं, मग भावाकडे, मग पुन्हा तिच्याकडे. "तुम्ही पण?" तो म्हणाला.

"मला आज सकाळी कळलं."

"धन्य आहे," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याला थोडं हसू आलं. "एक आई देवाला सांगतेय, एक दादा मेण भरतोय, एक तुम्ही. बिचाऱ्या म्हाताऱ्याची काय हिंमत होती चालू राहायची."

*

सकाळी म्हातारा एका झटक्यात सुरू झाला. चहाचा कप संपला, दुसरा संपला, तो चालूच होता. धाकट्याने हुडावर हात ठेवून बघितला, धुराड्याकडे बघितलं, आणि मग सीटवर न बसता बाजूला झाला.

"फाटकाबाहेर तुम्ही काढा, वहिनी," तो म्हणाला. "हा शेडमधून निघताना मला तुम्हीच दिसायच्या याच्यावर. शाळेतून आलो की बांधावरून हात करायचो मी."

"मला आता जमायचं नाही," ती म्हणाली, आणि म्हणता म्हणता वर चढली.

तिचा पाय क्लचवर पडला. गिअरची दांडी तशीच अडेल होती, आधी स्वतःकडे ओढून मग पुढे ढकलावी लागायची. तिने ओढली, ढकलली. म्हातारा एक गचका देऊन पुढे निघाला. अंगणातून, आईच्या समोरून, फाटकाच्या दोन्ही खांबांना न घासता तिने तो रस्त्यावर नेला. थोरला तिच्याकडे बघत होता. हे दृश्य त्याने कधी पाहिलंच नव्हतं. ती नांगरायची तेव्हा तो कारखान्यात होता आणि तो आला तेव्हा ती उतरलेली होती.

ती खाली आली आणि धाकटा बसला. निरोपाचं बोलून झालं होतं, आईचा त्याच्या डोक्यावरून हात फिरवून झाला होता, तरी तो निघेना. थोरला ट्रॅक्टरभोवती फिरत होता, उगाच चाकांवर लाथ मारत.

"उतारावर याचा डावा ब्रेक ओढतो," तो म्हणाला. "तुला ते माहीत नाही."

"सांगितलंस ना आत्ता."

"सांगून कळत नाही ते." तो पत्र्याच्या मडगार्डवर चढून बसला. "घाटापर्यंत येतो."

"घाट संपला की लगेच माझं घर आहे दादा."

"मग घरापर्यंत येतो. एकदाचं बघून होईल."

आईने तोंडाला पदर लावला. "आणि नांगरट?" वहिनी म्हणाली. "अर्धं रान राहिलंय."

थोरल्याने खिशातून नव्या ट्रॅक्टरची किल्ली काढली. ती देताना त्याने तिच्या डोळ्यांत बघितलं नाही, मडगार्डच्या पत्र्याकडे बघितलं. "तुला येतंच की," तो म्हणाला. "मी कधी बघितलं नव्हतं एवढंच."

म्हातारा निघाला. रस्ता लांबवर सरळ होता, त्यामुळे ते दोघं बराच वेळ दिसत राहिले. एक सीटवर, एक मडगार्डवर, मधेच एकाचा हात वर होऊन काहीतरी दाखवत होता, उजवीकडे की डावीकडे ते कळत नव्हतं. मग चढ आला आणि ते दिसेनासे झाले. आवाज तेवढा उरला. वहिनी फाटकाला टेकून तो ऐकत होती. किल्ली तिने इतकी घट्ट धरली होती की तिचे दाते बोटात रुतले होते.

शेजारी आई चप्पल काढून, अनवाणी पाय जमिनीवर टेकून उभी होती.

"काही थरथर लागत नाही पायाला," ती म्हणाली. "बंद पडला का ग?"

"नाही आई," वहिनी म्हणाली. "लांब गेला."